"मन झालं की करू" : नैराश्यात दुःखाला खतपाणी घालणाऱ्या सवयी कशा मोडल्यात?

खाडीकाठ | रविवार, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. हा धागा काढायचं बरेच महिने मनात होतं.

मी ४३ वर्षांचा. विक्रोळीत कन्नमवार नगरात राहतो, फोर्टच्या एका ऑफिसात अकाउंट्स बघतो. तीन वर्षांपूर्वी नैराश्याचं निदान झालं. गोळ्या चालू आहेत, समुपदेशनही झालं. आजाराबद्दल इथे आधी चांगले धागे आले आहेत, त्यामुळे ते परत लिहीत नाही. मला लिहायचंय ते आजार मुक्कामाला आल्यावर त्याच्या आडोशाने ज्या सवयी लागतात त्यांच्याबद्दल. गोळीने माझी झोप सुधारली, छातीवरचं ओझं उतरलं, पण सवयी जागच्या जागी राहिल्या. त्या कोणीतरी मोडाव्या लागतात आणि तो कोणीतरी मीच होतो.

माझी मुख्य सवय सांगतो. संध्याकाळी साडेसातला घरी यायचो. दार उघडलं की समोर दिवाण. कपडे न बदलता तसाच आडवा व्हायचो, कित्येकदा बॅगेचा पट्टा खांद्यावरच असायचा. तोंड भिंतीकडे. त्या भिंतीवर, डोळ्यांपासून वीतभर अंतरावर, रंगाचा एक पोपडा सुटलाय. त्याचा आकार मला आजही पाठ आहे. बायको स्टुलावर चहा ठेवायची. चहावर साय धरायची, मग ती सुरकुतायची, मग कपाला आतून तपकिरी रेघ पडायची. हे सगळं मला दिसायचं, पण हात पुढे करून कप उचलणं व्हायचं नाही. मुलगी बाजूने दबक्या पावलांनी जायची. साडेदहाला उठून जेवायचो, परत आडवा.

याला मी 'आराम' म्हणायचो. आणि गोम अशी की पहिली पाच-दहा मिनिटं खरंच बरं वाटायचं. ट्रेनची गर्दी, साहेबांचा आवाज, सगळं बंद. त्या दहा मिनिटांच्या मोबदल्यात पुढचे तीन तास जायचे आणि त्या तीन तासांत मी स्वतःला काय काय बोलायचो ते इथे लिहीत नाही. बायको म्हणायची, चला जरा खाली जाऊन येऊ. माझं उत्तर ठरलेलं: "मन झालं की जाऊ." मन कधी झालंच नाही.

समुपदेशक बाईंनी एक चौकटींचा कागद दिला. प्रत्येक तासाला काय केलं आणि मन कसं होतं, शून्य ते दहामध्ये आकडा. आठवडाभर भरायचा. मला तो पोरखेळ वाटला, पण भरला. संध्याकाळच्या चौकटीत रोज १, २, १, २. एका गुरुवारी ४.

त्यांनी विचारलं, गुरुवारी काय झालं होतं?

म्हटलं, काही नाही, दळण आणलं.

बायकोला ताप होता आणि घरात पीठ नव्हतं, म्हणून गेलो होतो. गिरणीत नंबर होता, वीसेक मिनिटं उभा राहिलो. पट्ट्याचा आवाज, हवेत पीठ, गिरणीवाल्याच्या भुवयांवरसुद्धा पीठ. त्याने विचारलं, "बारीक काढू ना?" मी हो म्हटलं. एवढाच संवाद. येताना डबा पोटाशी धरला होता आणि पीठ अजून गरम होतं. आनंद वगैरे काही झाला नव्हता. पण त्या अर्ध्या तासात मी स्वतःला एकही शिवी दिली नव्हती.

बाईंनी त्या ४ भोवती पेनाने गोल केला. म्हणाल्या, आपल्याला इथून सुरुवात करायची आहे.

मागाहून कळलं की या पद्धतीला बिहेवियरल अ‍ॅक्टिव्हेशन म्हणतात. १९७० च्या दशकात पीटर लेविन्सोन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मांडणी केली ती थोडक्यात अशी: मन खचलं की माणूस कामं आणि माणसं टाळायला लागतो. टाळल्यामुळे ज्यातून थोडंफार बरं वाटायचं त्या गोष्टीच आयुष्यातून गळतात. म्हणून मन आणखी खचतं आणि माणूस आणखी टाळतो. हे चाक तोडायचं तर मन सुधारायची वाट न बघता कृतीच्या बाजूने शिरायचं. आपल्या शेजारी गोव्यात 'संगत' संस्थेने आणि डॉ. विक्रम पटेल यांच्या गटाने सरकारी आरोग्य केंद्रांत हेच करून पाहिलं. मानसोपचाराचं शिक्षण नसलेल्या साध्या माणसांना तयार करून त्यांच्याकडून तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ बैठका दिल्या, आणि नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा हे लोक जास्त सुधारले. २०१७ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं. हे वाचलं आणि दळणाची गोष्ट मला एकदम मोठी वाटायला लागली.

आता माझा नियम: घराबाहेरचं एक काम झाल्याशिवाय दिवाणाला पाठ टेकायची नाही. आणि ते काम दारातूनच करायचं. चप्पल काढली की संपलं, हे मला पक्कं माहीत आहे. बायको पिशवी दाराच्या कडीला अडकवून ठेवते. मी बॅग आत ठेवतो, पिशवी घेतो, वळतो. सोमवारी भाजी, मंगळवारी इस्त्रीचे कपडे, गुरुवारी दळण, शुक्रवारी मुलीबरोबर खाडीच्या बाजूला चक्कर. यादी रविवारीच लिहून फ्रिजवर लावतो, कारण संध्याकाळी माझं डोकं काहीही ठरवू शकत नाही. नुसतं पाळू शकतं.

सरळ जमलं नाही. गेल्या जुलैत पावसाने दोन दिवस ट्रेन बंद होत्या, घरी बसलो आणि पुढे अकरा दिवस दिवाणावर गेले. अकरा, मोजलेत. बाराव्या दिवशी बाकी सगळं सोडून फक्त दळण तेवढं आणलं.

एक सवय अजून मोडलेली नाही. पहाटे साडेतीनला जाग येते आणि हात फोनकडे जातो. पाचपर्यंत बातम्या, भांडणं, कोणाकोणाचे परदेशातले फोटो. यावर कोणाला काही जमलंय का? आणि तुमची 'दिवाण' कोणती, ते लिहा.

---

अबोली | रविवार, रात्री ११:५५

खाडीकाठ, चहावरच्या सायीपाशी थांबले. माझ्या स्टुलावर वरणभात असायचा.

माझी दिवाण दिसत नाही, कारण मी उभ्या उभ्या, काम करता करता त्यावर झोपते. डोक्यातली रवंथ. मी दादरला शाळेत शिकवते. दुपारी स्टाफरूममध्ये कोणी एक वाक्य बोललं की ते रात्री भांडी घासताना परत येतं. ती असं का म्हणाली? माझ्यातच काही खोट आहे का? आईही असंच म्हणायची. कॉलेजात ते झालं तेव्हाही मी गप्पच बसले होते. एका वाक्यापासून निघून वीस वर्षं मागे, आणि पुढ्यातलं पातेलं किती वेळ घासतेय त्याचा पत्ता नाही.

मला कितीतरी वर्षं वाटत होतं की मी 'विचार करतेय', म्हणजे काहीतरी उपयोगाचं चाललंय. याच खोडीवर सुझन नोलेन-होक्सेमा नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आयुष्यभर काम केलं. त्यांनी दाखवलं की आपल्याला वाईट का वाटतंय हेच जे लोक उगाळत बसतात, त्यांचं नैराश्य जास्त खोल जातं आणि जास्त टिकतं. मला हे कळलं तेव्हा आधी राग आला. विचार करणं हीच माझी एक जमेची बाजू आहे असं मी धरून चालले होते.

मला उपयोगी पडलं ते असं. भांडी घासताना स्वतःला विचारते: गेल्या पाच मिनिटांत या विचारातून काही ठरलं का? उद्या तिच्याशी बोलायचं, निरोप पाठवायचा, सोडून द्यायचं, असं काहीही? ठरलं असेल तर तो विचार. नसेल तर रवंथ. रवंथ असेल तर 'का' या शब्दाला बंदी आणि 'काय' विचारायचं. "ती असं का म्हणाली"चं उत्तर माझ्याकडे असणारच नाही. "ती नेमकं काय म्हणाली" याचं असतं. परवा हे केलं तर कळलं की ती एवढंच म्हणाली होती, "या वेळी तुमचे पेपर उशिरा आले." पुढची सगळी पोथी माझी होती.

दुसरं, रवंथीला एक वेळ नेमून दिलीय. संध्याकाळी सव्वासहा ते साडेसहा, गॅलरीतल्या खुर्चीत. बाकी वेळी विचार आला की त्याला सांगते, सव्वासहाला ये. बरेचसे येत नाहीत. जे येतात ते खरोखर बघण्यासारखे असतात.

---

गिरणगावकर | सोमवार, सकाळी ७:१०

चांगला धागा. माझं वय ६८. माझं मत असं की तरुणांनी पहाटे पाचला उठावं, थंड पाण्याने अंघोळ करावी, बारा सूर्यनमस्कार घालावेत आणि सकारात्मक विचार करावा. आमच्या वेळी खोलीत आठ माणसं राहायची, नैराश्याला वेळच नव्हता. मन खंबीर असलं की सगळं होतं. राग मानू नये.

---

निशिगंध | सोमवार, दुपारी १:३५

काका, राग नाही, पण मनापासून सांगते. माझ्या वाईट दिवसांत अंघोळ हे चार टप्प्यांचं काम असतं. उठणं, कपडे काढणं, पाणी अंगावर घेणं, आणि मग ओल्या केसांचं काहीतरी करणं. प्रत्येक टप्प्याला दहा-पंधरा मिनिटं नुसती बसून असते. अशा वेळी कोणी बारा सूर्यनमस्कार सांगितले तर मी ते घालत नाहीच, वर 'मला एवढंही जमत नाही' ही आणखी एक वीट डोक्यावर येते. तेच कोणी म्हणालं, "फक्त तोंड धुऊन ये, मी चहा टाकते," तर मी उठते. तोंड धुतलं की अर्ध्या वेळा अंघोळही होते.

व्यायामाचा फायदा होतो, त्यात वादच नाही. पण पायरी एवढी खाली ठेवा की ताप आलेला माणूससुद्धा चढू शकेल.

खाडीकाठ, फोनबद्दल: चार्जर स्वयंपाकघरात नेऊन लावा. मी दादरच्या फुटपाथवरून सेलचं गजराचं घड्याळ आणलं, त्यामुळे 'गजरासाठी फोन उशाशी हवा' हा बहाणा संपला. जाग अजूनही येते. पण फोनसाठी उठून लाईट लावून ओट्यापर्यंत जावं लागतं आणि तेवढ्यात निम्म्या वेळा लक्षात येतं की मला काहीच बघायचं नाहीये. नुसत्या निश्चयाने मला कधी जमलं नाही, अंतर वाढवल्यावर जमलं.

---

गिरणगावकर | सोमवार, रात्री ९:४०

निशिगंध, तुमचं लिहिणं दुपारी वाचलं. दिवसभर डोक्यात होतं. मी सकाळी जे लिहिलं त्यातलं एक वाक्य खोटं आहे, ते दुरुस्त करायला आलोय.

नैराश्याला वेळ नव्हता असं मी म्हटलं. माझा भाऊ कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पहिलं वर्ष तो सभांना जायचा, मोर्चाला जायचा. मग जाणं कमी झालं. मग तो कॉमन गॅलरीच्या टोकाला, जिन्याशेजारी बसायला लागला. सकाळी बसायचा तो रात्री दिवे लागले की आत यायचा. नाक्यावरचे मित्र हाक मारायचे, तो ऐकू न आल्यासारखं करायचा. दाढी करायची सोडली. आई म्हणायची, डोक्यात गेलंय त्याच्या. वडील म्हणायचे, आळशी झालाय. मी त्याच्यापेक्षा लहान, बँकेत नुकता चिकटलेला. मी त्याला काय म्हणायचो? पहाटे उठ, व्यायाम कर, मन खंबीर ठेव.

तो पुढे वीस वर्षं जगला. कोणीही त्याला डॉक्टरकडे नेलं नाही. केईएम आमच्या खोलीपासून चालत दहा मिनिटांवर होतं. तिथे मनाचाही डॉक्टर असतो हे आमच्या गावी नव्हतं.

एक आठवतं. खालचा वाणी त्याला कधीकधी हाक मारायचा, "जरा गोणी उतरवायला हात लाव रे." तो उठायचा. त्या दिवशी रात्री नीट जेवायचा. आम्हाला वाटायचं, बघा, काम असलं की बरोबर उठतो, म्हणजे ढोंगच आहे. आज खाडीकाठ यांची दळणाची गोष्ट वाचली आणि कळलं की त्या वाण्याने जे केलं ते घरातल्या आम्हा कोणालाच सुचलं नाही.

सूर्यनमस्काराचं मागे घेतो.

---

खाडीकाठ | सोमवार, रात्री ९:५८

काका, हे लिहिल्याबद्दल तुमचे फार आभार. तुम्ही तेव्हा पंचविशीतही नसाल. शब्दच नव्हता तर हाक काय मारणार.

---

मुलुंडकरीण | मंगळवार, दुपारी १२:१५

मी दुसऱ्या बाजूची. आजार माझ्या नवऱ्याला आहे, दीड वर्ष झालं.

त्यांच्या सवयींबरोबर माझ्याही सवयी तयार झाल्यात, त्याबद्दल कोणी बोलत नाही. त्यांना माणसं नको असतात, म्हणून मी लग्नाची आमंत्रणं परस्पर नाकारते. बँकेत जायचं, मी जाते. सोसायटीच्या मीटिंगला मी. सासूबाईंचा फोन आला तरी "ते झोपलेत" असं मीच सांगते. मला वाटायचं मी त्यांना जपतेय. आता ते सोफ्यावरून हलत नाहीत आणि मी रात्री साडेअकराला ओट्याला टेकून उभी असते. चिडून बोलले तर ते आणखी मिटतात, न बोलले तर मीच आतून फुटते. मध्येच एकदा "गोळ्यांची सवय लागेल" म्हणून त्यांनी गोळ्या बंद केल्या, दोन दिवसांत चक्कर आणि चिडचिड. काय करू?

---

पायरी | मंगळवार, रात्री ८:३०

मी मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभागात समाजसेविका आहे. रोज ओपीडीत हीच सगळी वाक्यं ऐकते, म्हणून जरा लांब लिहितेय.

मुलुंडकरीण ताई, आधी गोळ्यांचं. दारूची किंवा काही झोपेच्या गोळ्यांची सवय लागते तशी नैराश्यावरच्या गोळ्यांची लागत नाही. माणूस त्यांच्यासाठी तळमळत नाही, डोस वाढवत नेत नाही. पण शरीर त्यांना सरावलेलं असतं. एकदम बंद केल्या की गरगरणं, मळमळ, डोक्यात करंट गेल्यासारखं वाटणं असे त्रास होतात. म्हणून बंद करताना डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात. दुसरं म्हणजे यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहा. त्रासदायक परिणाम मात्र पहिल्याच आठवड्यात जाणवतात. म्हणजे सुरुवातीला नुसता तोटाच दिसतो आणि तिथेच लोक सोडतात. बरं वाटायला लागल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने चालू ठेवाव्या लागतात, वारंवार आजार झालेल्यांना त्याहून जास्त. "बरा झालो, सोडल्या" हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकते, आणि बहुतेकदा ते परत आजारी पडलेल्या माणसाकडूनच ऐकते. गोळी सोडावीशी वाटली तर ते डॉक्टरांना सांगा. रागावले तरी सांगा.

आता तुमचं. तुम्ही त्यांची कामं करता त्यामागे माया आहे. पण जे काम तुम्ही उचलता, त्यातून त्यांना मिळू शकणारा 'चार' तुम्हीच घेऊन जाता, तो वर खाडीकाठ यांनी लिहिलेला चार. सगळं एकदम सोडू नका, त्याने ते कोसळतील. एक निवडा. "बँकेत जा" असं म्हणण्यापेक्षा "मी बँकेत चाललेय, तुम्ही बरोबर येता का, मला पासबुक भरायचं आहे," असं म्हणा. दारापर्यंत आले तरी ते येणं धरा. नाही आले तर टोमणा नको, परवा परत विचारा. आणि सासूबाईंना "झोपलेत" सांगणं बंद करा. "त्यांना बरं नाहीये, उपचार चालू आहेत" एवढं पुरतं.

आणि तुम्ही स्वतः. आठवड्यातले दोन तास फक्त तुमचे ठरवा आणि त्या वेळी घराबाहेर पडा. आमच्याकडे नातेवाईक म्हणून येणाऱ्या बायका काही महिन्यांनी स्वतःचा केसपेपर काढतात, हे डोळ्यांनी बघते.

खाडीकाठ, पहाटे लवकर जाग येणं हे नैराश्याचंच एक लक्षण आहे, तेव्हा डॉक्टरांच्या कानावर घाला. फोन लांब ठेवाच. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरुणात लोळू नका, उठून मंद दिव्यात खुर्चीत बसा, पेंग आली की परत जा. आणि कितीही वाजता झोप लागली असली तरी उठायची वेळ एकच ठेवा, रविवारीसुद्धा. दुपारची झोप टाळा.

ज्यांनी अजून कोणालाच दाखवलेलं नाही त्यांच्यासाठी: थायरॉईड आणि बी-१२ तपासून घ्या, त्यांच्या कमतरतेतही असंच गळून गेल्यासारखं वाटतं. केईएम, नायर, सायन, तिन्हीकडे मानसोपचार ओपीडी आहे, साध्या केसपेपरवर. रात्री-बेरात्री बोलावंसं वाटलं तर १४४१६, ही सरकारची टेली-मानस, मानसिक आरोग्याची हेल्पलाईन. २०२२ च्या १० ऑक्टोबरला सुरू झाली, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं.

आणि दारू. इथे कोणी लिहिलं नाही, पण वाचणाऱ्यांत असणारच. दोन पेगांनी झोप येते हे खरं, पण ती उत्तररात्री मोडते आणि सकाळचं मन आदल्या दिवशीपेक्षा खाली असतं. गोळ्या चालू असताना तर नकोच.

---

खिडकीपाशी | बुधवार, रात्री १:५०

सगळं वाचलं. मी २४ ची, अंधेरीत पीजीमध्ये राहते, मूळची सांगलीची. फोनवर सगळ्यांचं सगळं छान चाललेलं असतं. मी रोज बघते आणि रोज रडते आणि परत बघते. ऑफिसला चार दिवस गेले नाही, पोट बिघडलंय म्हणून सांगितलं. आईला सांगितलं तर ती ये म्हणेल आणि परत गेले तर सगळे म्हणतील, बघा, जमलं नाही. कधीकधी वाटतं आपण नसलेलंच बरं. काही करणार नाहीये. फक्त कुठेतरी लिहायचं होतं.

---

अबोली | बुधवार, रात्री २:०५

मी जागी आहे. लिहिलंस ते फार बरं केलंस. पीजीत तुझ्या खोलीत आत्ता कोणी आहे का? असेल तर तिला उठव. "मला एकटीला बसवत नाहीये, जरा बस माझ्याजवळ," एवढंच म्हण. कारण सांगायची गरज नाही. आणि १४४१६ ला आत्ता फोन लाव. लावलास की इथे एक अक्षर टाक, मी धाग्यावरच थांबलेय.

---

खिडकीपाशी | बुधवार, रात्री २:५०

लावला. बोलले. रूममेट उठलीय, मॅगी करतेय.

---

पायरी | बुधवार, सकाळी ७:२०

आत्ता उठून वाचलं. अबोली, मोलाचं काम केलंत.

खिडकीपाशी, "काही करणार नाहीये" असं तू लिहिलंस त्यावर माझा विश्वास आहे. तरीही आपण नसलेलं बरं असं वाटणं हे ताप १०३ वर गेल्यासारखं आहे. तो उतरेपर्यंत घरी वाट बघत बसायचं नसतं. याच आठवड्यात डॉक्टरांना दाखव, आणि अगदी हेच वाक्य त्यांना सांग, गोल फिरवून नको. तोवर एकटी राहू नकोस, फोन रात्री रूममेटच्या उशाशी ठेव. तो विचार परत आला, किंवा आपण काहीतरी करून बसू अशी भीती वाटली, तर ओपीडीच्या दिवसाची वाट बघायची नाही. जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत रात्री कितीही वाजता जाता येतं.

सवयी मोडायचं सध्या बाजूला ठेव. तुला आत्ता एकच काम आहे, दाखवायला जायचं.

---

मुलुंडकरीण | बुधवार, सकाळी १०:४५

खिडकीपाशी, मला तुझ्या आईच्या जागी बसवून सांगते. माझी मुलगी परत आली आणि जगाला काय वाटायचं ते वाटलं, तर मला काय फरक पडणार आहे? मी तिला दारात घेऊन आधी जेवायला वाढेन. फोन कर आईला.

(पायरी ताई, काल विचारलं. ते लिफ्टपर्यंत आले आणि परत फिरले. मी काही बोलले नाही. उद्या परत विचारते.)

---

खिडकीपाशी | बुधवार, संध्याकाळी ६:३०

आईला फोन केला. ती रात्रीच्या गाडीने निघतेय. मला वाटलं होतं रडेल, पण तिने पहिलं विचारलं की येताना काय आणू.

उद्या रूममेट सुट्टी टाकून माझ्याबरोबर येतेय, आम्ही नायरला जाणार आहोत. मी कधी सरकारी रुग्णालयात गेलेले नाही. पायरी ताई, केसपेपरसाठी किती वाजता रांगेत उभं राहायचं? आणि बरोबर काय न्यायचं?

---

पायरी | बुधवार, संध्याकाळी ६:५५

आठच्या आत पोच, म्हणजे खिडकी उघडेल तेव्हा पुढे असशील. मुंबई सेंट्रलला उतर, तिथून चालत जाता येतं. आधारकार्ड घे. आधीचे काही रिपोर्ट किंवा चालू गोळ्या असतील तर त्या घे. पाण्याची बाटली आणि काहीतरी खायला नक्की घे, नंबर यायला वेळ लागतो. खिडकीवर "मानसोपचार" एवढंच सांगायचं, ते खोली क्रमांक देतील. आत गेल्यावर बोलणं सुचलं नाही तर रात्री १:५० ला इथे जे लिहिलंस ते फोनवर उघडून डॉक्टरांसमोर धर.

---

गिरणगावकर | बुधवार, संध्याकाळी ७:२०

पोरी, मी गिरगावात राहतो, नायर मला जवळ आहे. तुझी हरकत नसेल तर सकाळी केसपेपरच्या रांगेत मी उभा राहतो, तुम्ही दोघी बाकावर बसा. हो किंवा नाही एवढंच लिही. पांढरी टोपी आणि हातात छत्री असेल.

---

खिडकीपाशी | बुधवार, संध्याकाळी ७:३१

हो काका.